खिडकीजवळच्या खाटेची हिरवी खूण

१

भूगोलाच्या बाई गेल्या, तेव्हा वॉर्डातल्या लॅपटॉपच्या पडद्यावर त्यांच्या नावापुढे हिरवी खूण होती.

ज्याला औषध मिळालं त्याची ओळ हिरवी, ज्याचं राहिलं त्याची लाल, इतकी साधी ती व्यवस्था. बाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेला, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना भूगोलाच्या बाईच म्हणायचा. मेंदूचं ऑपरेशन झालेलं आणि फिट येऊ नये म्हणून रोज सकाळी एक इंजेक्शन. त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर वॉर्ड पेंगत असताना त्यांना फिट आली आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत पांघरुणाखालीच सगळं संपलं. मग ट्रेमध्ये त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेलं इंजेक्शन सापडलं, भरलेलं, तसंच्या तसं. कुणी टोचलंच नव्हतं. पडदा मात्र सांगत होता की दिलं, आणि मोठ्या सिस्टरांनी दिलं.

नेमकी त्याच सकाळी सरकारी कमिटी हा वॉर्ड पाहून गेली होती. पडद्यामागचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं, तिला सगळ्या सरकारी दवाखान्यांचं कंत्राट द्यायचं की नाही, हे या कमिटीच्या हातात. मोठ्या सिस्टरांना संध्याकाळीच घरी बसवलं गेलं. आता कंपनीने फक्त लेखी सांगायचं होतं की यंत्र बरोबर होतं. मग पोलीस आणि मोठ्या सिस्टर काय ते बघून घेणार.

"वहिनी, तुम्ही तेवढा अहवाल लिहून टाका," भाऊजी म्हणाले. "दुपारी कमिटीपुढे ठेवायचाय."

कंपनी दोघा भावांनी काढलेली. थोरले वर्षापूर्वी वारले. धाकटे, म्हणजे हे भाऊजी, आता साहेब, आणि थोरल्यांची बायको म्हणून वहिनी नुसत्या घरात नाही, ऑफिसातही सगळ्यांच्याच वहिनी. काम तपासणीचं. सॉफ्टवेअर बाहेर जाण्याआधी त्यातल्या चुका वेचायच्या. त्यांच्या हातून चूक सुटत नाही अशी ख्याती होती, आणि ती अजून टिकून होती, कारण त्या कामाला मन लागत नाही, नजर लागते. मन वर्षभर जागेवर नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, हिला चिमटा काढला तरी कळायचं नाही, आणि ते खरंच होतं. बाई गेल्याचं ऐकलं तेव्हा वहिनींना काहीच वाटलं नव्हतं. काही वाटलं नाही याचंही त्यांना काही वाटलं नव्हतं.

"तुम्ही होतात ना काल वॉर्डात?" त्यांनी विचारलं.

"कमिटीबरोबरच वर गेलो. सगळा पडदा हिरवागार! अध्यक्षबाई खूश. नवरदेव बोलतोय, मी बोटं चालवतोय, आपली ठरलेली जोडी. वहिनी, दादाचं स्वप्न हाताशी आलं होतं हो. आणि आता एका नर्सच्या हलगर्जीपणाचं खापर आपल्यावर फुटायला नको."

नवरदेव म्हणजे विक्री सांभाळणारा माणूस. बाराही महिने वरातीला निघाल्यासारखा नटलेला असतो म्हणून हे नाव.

भाऊजी कमिटीपुढे मांडायचे आकडे डेमोच्या लॅपटॉपवर दाखवायला लागले. वहिनींनी त्यांच्या हातून तो घेतला, एका खोट्या पेशंटच्या लाल ओळीवर हिरवी खूण आपोआप उमटते का ते पाहिलं. उमटत नव्हती. बोट लावावंच लागत होतं. लावलं, तशी ओळ हिरवी झाली. भाऊजींनी सवयीने झाकण खाली केलं आणि परत उघडलं, तर ओळ पुन्हा लाल. डेमोच्या यंत्राचं हे एक बरं असतं. झाकण मिटलं की केलेलं सगळं पुसून जातं आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पाटी कोरी. थोरल्यांनीच ती सोय करून ठेवली होती.

"मी आधी दवाखान्यात जाऊन येते," वहिनी म्हणाल्या.

"कशाला? काय शोधायचंय त्यात?"

"कुणीतरी बोट लावलंय भाऊजी. ते कुणाचं, एवढंच."

२

मोठ्या सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत आपलं कपाट रिकामं करत होत्या. अंगाने भरलेल्या, आवाजाने खणखणीत. एरवी त्यांच्या एका हाकेसरशी वॉर्डबॉय पळत येत. आज त्या जुन्या चपला पिशवीत भरत होत्या आणि पिशवीचं तोंड काही केल्या बंद होत नव्हतं.

"तुम्ही कंपनीच्या ना? मग लिहा काय लिहायचं ते. मला कशाला विचारताय?"

"अजून काही लिहिलेलं नाही."

मोठ्या सिस्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्या बाकावर बसल्या.

"काल सकाळपासून नुसतं कमिटी, कमिटी. भिंती पुसा, चादरी बदला, खाटा ओळीत लावा. या सगळ्यात औषधं मागे पडली. शेवटी तीन ओळी लाल राहिल्या. दोघींच्या साध्या गोळ्या, ताकदीच्या, आणि बाईंचं इंजेक्शन. मी ते भरलं, ट्रे उचलला, आणि बाथरूममध्ये एक पेशंट धाडकन पडली. ट्रे तिथेच ठेवून धावले. नव्या सिस्टरला स्ट्रेचर आणायला खाली पिटाळलं. सगळं निस्तरून परत आले तर कमिटी दारात आणि पडदा सगळा हिरवा. म्हटलं, पोरीने उरकलेलं दिसतंय."

"तिला विचारलं नाही?"

"कमिटीच्या देखत विचारू, की बाई गं, इंजेक्शन दिलंस का? नंतर विचारायचं राहिलं. ट्रेकडे बघायला हवं होतं मी. इतकी वर्षं ट्रेकडेच बघत आले, आणि काल पडद्याकडे बघितलं."

"खूण तुमच्या नावावर आहे."

"सगळंच माझ्या नावावर असतं हो! सकाळी जी पहिली येते ती आपल्या नावाने यंत्र उघडते आणि मग दिवसभर सगळ्या त्यावरच काम करतात. दर वेळी नाव घाला, पासवर्ड घाला, यात वेळ घालवला तर पेशंट कोण बघणार? आम्हाला शिकवायला ठेवलेल्या तुमच्या मास्तरणीला विचारा, तिलाही माहितीये."

"म्हणजे बोट कुणाचंही असू शकतं."

"वॉर्डात असलेल्या कुणाचंही. आणि काल तर सगळं जग वॉर्डात होतं. सफाईवाले, वायरमन, अधीक्षकांचा कारकून, तुमची माणसं."

पिशवीचं तोंड एकदाचं बंद झालं. मोठ्या सिस्टर ती मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"मी ऐकलं, तुम्ही माझं नाव लिहिलंत तर कंत्राट तुम्हाला मिळणार. खरंय का ते?"

"खरंय," वहिनी म्हणाल्या.

३

नवी सिस्टर इतकी घाबरलेली होती की प्रश्न विचारायच्या आत उत्तर देत होती.

"मी नाही केलं. आईची शपथ. मी स्ट्रेचर घेऊन आले तर हिरवं दिसलं. मला वाटलं मोठ्या सिस्टरांनी दिलं. त्या कधी काही ठेवत नाहीत शिल्लक."

"आणि त्यांना वाटलं तू दिलंस."

"हो ना." तिचे डोळे भरून आले. "पुन्हा पडदा बघितला तेव्हाही हिरवाच होता हो मॅडम."

"पुन्हा कधी?"

"कमिटी गेल्यावर. यंत्राचं झाकण मिटलेलं होतं. आम्ही कुणीच ते मिटत नाही. पुन्हा उघडून चालू करायचं म्हणजे नाकी नऊ येतात. सफाईवाल्यांवर ओरडले मी, तर ते म्हणतात आम्ही हात नाही लावला. मग माझ्या नावाने उघडलं. सगळ्या ओळी होत्या तशाच हिरव्या."

वहिनींनी यंत्र पाहिलं. चाकाच्या टेबलावर ठेवलेला साधा लॅपटॉप. पडद्याच्या खाली आतल्या बाजूला चिकटपट्टी खरवडून काढल्याची खूण होती.

"ती मी काढली," मागून मास्तरीण म्हणाली. ही कंपनीचीच मुलगी, सिस्टरांना सॉफ्टवेअर शिकवायला वॉर्डात नेमलेली. कंत्राट मिळालं तर तिची नोकरी पक्की व्हायची होती, आणि ते तिने लपवलंही नाही. "'झाकण मिटू नये' असं लिहून लावलं होतं. काल हुकूम आला, कागद, पट्ट्या काही दिसायला नको. काढून टाकली."

"काल तू कुठे होतीस?"

"सकाळभर खालच्या वॉर्डात. कमिटी तिथेही येणार होती. आली नाही."

"वर असतीस, आणि त्या तीन लाल ओळी दिसल्या असत्या, तर?"

"खरं सांगू वहिनी? घाबरले असते मी. पण सिस्टरांच्या मागे लागून आधी औषधं द्यायला लावली असती. वॉर्डातल्या यंत्रावर एकदा केलेली खूण काही केल्या जात नाही. घसा कोरडा पडेपर्यंत हेच तर शिकवते मी सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सिस्टरांना, डॉक्टरांना. आपल्या ऑफिसातल्यांना काय शिकवायचं? त्यांनीच तर बनवलंय."

वहिनींनी लॅपटॉपचं झाकण मिटलं, उघडलं आणि त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. ती त्यांना अजिबात आवडली नाही, आणि वर्षभरात एखादी गोष्ट न आवडण्याची ही पहिलीच वेळ होती.

४

नवरदेव दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसले होते. टाय सैल, चेहरा उतरलेला.

"मला विचाराल तर आपला काही संबंध नाही," ते म्हणाले. "मी त्या यंत्राला हातसुद्धा लावत नाही. लावला की बंद पडतं. मागे एकदा मंत्रालयात बंद पडलं, तेव्हापासून साहेबांनी मला शपथ घातलीये."

"कमिटी आल्यावर काय काय झालं?"

"आधी अधीक्षकांच्या खोलीत चहा. मी बोलण्यात गुंतवलं त्यांना यथास्थित. अध्यक्षबाई फार तिखट, पण मी काही कमी नाही. त्या म्हणाल्या, चला वॉर्ड बघू. मी म्हटलं, बसा हो, चहा तर घ्या, आणि अजून थोडं गुऱ्हाळ लावलं. साहेबांनीच सांगितलं होतं, जरा रेंगाळव म्हणून."

"कशाला?"

"वर सगळं नीट आहे ना ते बघायला हवं ना कुणीतरी." नवरदेव बोलता बोलता हसले. "दोन दोन चहा झाले माझे. साहेबांचा कप निवत चालला होता, तोही मीच प्यायलो."

वहिनी उठल्या. नवरदेवांनी काही चुकीचं बोललो का म्हणून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या लेखी ते नुसतं चहाबद्दल बोलत होते.

५

दुपारी भाऊजी त्यांना न्यायला आले. दवाखान्याच्या आवारात, गाड्या लावायच्या जागेत, दोघं गाडीतच बसून राहिले. समोर रुग्णवाहिका धुणं चाललं होतं.

"झाला अहवाल?"

"अजून एक ओळ राहिलीये," वहिनी म्हणाल्या. "ऐका. ज्याने त्या तीन ओळी हिरव्या केल्या, त्याने कुणालाही सांगितलं नाही. सिस्टर असती तर तिला ठाऊक होतं की ओळ हिरवी झाली म्हणजे ते औषध आता कुणी देणार नाही. इंजेक्शन भरून समोर पडलेलं, द्यायला कितीसा वेळ लागतो? खोटी खूण करून तिला काय मिळणार होतं? आणि केलीच असती, तर कमिटी गेल्यावर गुपचूप देऊन मोकळी झाली असती. या माणसाने तसं काही केलं नाही. निवांत निघून गेला. का? कारण त्याला वाटत होतं की ओळी परत लाल होणार. आपोआप. मग सिस्टरांना दिसेल, त्या औषध देतील, कुणाचंच काही बिघडणार नाही."

भाऊजी समोर पाहत होते.

"त्यासाठी त्याने जाताना झाकण मिटलं. वॉर्डात कुणी झाकण मिटत नाही. सिस्टरांना त्याचा ताप होतो. मास्तरणीला तर माहितीये की मिटून काही पुसलं जात नाही. ते फक्त डेमोच्या यंत्रावर होतं. म्हणजे हा माणूस आयुष्यभर डेमोच करत आलाय, वॉर्डातलं खरं यंत्र त्याने कधी चालवलेलं नाही. असे आपल्याकडे दोनच. नवरदेव यंत्राला हात लावत नाही, आणि तेव्हा तो खाली कमिटीला रेंगाळवत होता. तुमच्या वाटणीचा चहा पण तोच प्यायला."

रुग्णवाहिकेच्या टपावर पाण्याचा फवारा वाजत होता.

"तुम्ही मला म्हणालात, कमिटीबरोबर वर गेलो."

"वहिनी," भाऊजी एकदम बोलले, "मी मिटलं होतं हो झाकण. आठवणीने मिटलं. दोन बोटांनी दाबून. दादाने तसंच करून ठेवलं होतं ना? वॉर्डात वेगळं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तीन लाल ओळी. त्या अध्यक्षबाईने आल्या आल्या त्यावरच बोट ठेवलं असतं. दादा गेल्यापासून एक कंत्राट मिळालेलं नाही आपल्याला. ऑफिसातली सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. वाटलं, कमिटीपुरतं हिरवं दिसू दे." त्यांचा आवाज सपाट होता, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसा. "रात्रभर मी हेच म्हणतोय स्वतःला, मी झाकण मिटलं होतं."

वहिनींना त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. कीवही आली नाही. झाकण मिटताच सगळं पुसणारं ते छोटंसं काम थोरल्यांनी किती कौतुकाने दाखवलं होतं, तेवढं आठवलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

"तुम्ही नाव लिहिलंत तर कंपनी संपली," भाऊजी म्हणाले. "दादाची कंपनी."

"आणि नाही लिहिलं तर सिस्टर संपल्या."

"त्या कोण लागतात तुमच्या?"

"कुणी नाही. पण खूण त्यांनी केलेली नाही."

भाऊजींनी गाडीचं दार उघडलं. एक पाय बाहेर ठेवून तसेच बसले. "तुम्ही बोला तिथे. मला बोलता यायचं नाही. पण मी नाही म्हणणार नाही."

६

कमिटीच्या खोलीत वहिनींनी सगळं सांगितलं, बाजाराची यादी वाचावी तितक्या कोरडेपणाने. भाऊजी मान खाली घालून बसले होते.

अध्यक्षबाईंनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर पेशंटला हात न लावता औषध दिलं म्हणू देतं?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "कुणालाही, कुणाच्याही नावाने."

भाऊजी उभे राहिले. "मीच केलं ते," म्हणाले आणि पुन्हा बसले. कंत्राटाचा विषय तिथेच मिटला. अधीक्षकांनी मोठ्या सिस्टरांना फोन लावायला सांगितलं. मोठ्या सिस्टरांनी फोनवर काय म्हटलं ते वहिनींनी विचारलं, तर कारकून म्हणाला, काही नाही, बरं म्हणाल्या फक्त.

भाऊजींना पोलीस येईपर्यंत तिथेच थांबायचं होतं. वहिनी एकट्या बाहेर पडल्या. कॉरिडॉरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ कागदपत्रांची वाट पाहत बसले होते. स्वच्छ शर्ट, गुंड्या वरखाली लागलेल्या. मांडीवर एक बायकी चष्मा. ते भूगोलाच्या बाईंचे यजमान आहेत हे कारकुनाने मघाशी सांगितलं होतं. वहिनी पुढे जाऊ शकल्या असत्या. का कोण जाणे, थांबल्या.

"मी त्या कंपनीची. ती खूण सिस्टरांनी केलेली नव्हती. आमच्या माणसाने केली. माझ्या दिराने."

गृहस्थांना समजायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "म्हणजे सिस्टर नव्हत्या. बरं झालं. फार चांगल्या आहेत त्या. हिच्या उरल्या केसांची वेणी घालायच्या."

वहिनी उभ्याच होत्या. गृहस्थांनी बाकावर सरकून जागा केली, म्हणून बसल्या.

"मला एक सांगा," ते चष्म्याच्या काड्या उघडमीट करत म्हणाले. "तुम्ही त्यातल्या जाणकार आहात म्हणून विचारतो. काल मी जेवणाच्या वेळी आलो होतो. ही म्हणाली, अहो, आज मला सुई टोचलीच नाही. मी पडद्याकडे बघितलं. म्हटलं, दिलीये गं, हिरवं आहे बघ. तर म्हणाली, नाही हो, मला आठवत असतं. मी म्हटलं, तुला ऑपरेशनपासून कुठे काय आठवतं? आणि हसलो. मग ती पण हसली. म्हणाली, असेल बाई. मी तेव्हा उठून सिस्टरांना विचारायला हवं होतं का?"

वहिनींना नाही म्हणायचं होतं, तुमची काही चूक नाही म्हणायचं होतं. त्याऐवजी त्या रडायला लागल्या. बाईंसाठी रडल्या, यांच्यासाठी, थोरल्यांसाठी, दिरासाठी. वर्षभराचं सगळं एकदम आलं. येणारे जाणारे वळून पाहत होते आणि त्यांना थांबता येत नव्हतं.

गृहस्थ गडबडले. चष्मा खिशात ठेवून उठले, कोपऱ्यातल्या नळावरून पेला भरून घेऊन आले आणि तो त्यांच्या हातात नीट धरता येईपर्यंत खालून हात लावून उभे राहिले.